राजधानीचं टेबल

नागपूर ही एकेकाळी मध्यप्रांताची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून ती राहिली नाही, या गोष्टीला आता नागपूरकरही सरावले आहेत. काकाजी सरावलेले नाहीत. चोरी झालेल्या घरात माणूस दुसऱ्या दिवशी काय गेलं नि काय राहिलं याची यादी करत फिरतो, तसे ते अजून फिरतात. त्यांच्या यादीप्रमाणे मंत्री गेले, सचिव गेले, फायली गेल्या. काही भोपाळला, काही मुंबईला. "पण टेबलं?" इथे काकाजी थांबतात आणि चष्मा कपाळावर नेतात. "टेबलं कोण नेते जी? एकेक उचलायला सहा हमाल लागत. टेबलं इथंच राहिली."

त्यांतली चार आपल्या घरात आहेत, असं काकाजींचं म्हणणं. घर म्हणजे प्रतापनगरातल्या एका स्कीममधला दोन बेडरूमचा फ्लॅट. चार टेबलं मांडल्यावर जी जागा उरली तिच्यात काकाजी आणि काकू राहतात.

काकाजींचं आडनाव सांगत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. धंतोलीपासून महालापर्यंत प्रत्येक मोहल्ल्यात असे एक काकाजी आहेत. कुणी घड्याळं जमवतं, कुणी पितळी दिवे, कुणी नुसत्या आठवणी. आमचे काकाजी सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून सुटले. एवढ्या काळात त्यांच्या वाट्याला आलं ते लोखंडी पायांचं, वर हिरवं रेग्झीन मारलेलं टेबल. त्याला एकच ड्रॉवर आणि तोही अर्धाच उघडायचा. साहेबाच्या खोलीत मात्र सागवानी, खणाखणांचं, कुलपाचं टेबल होतं आणि त्याची किल्ली साहेबाच्या जानव्याला असे. निवृत्त होताना काकाजींना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेबल शोधायला बाहेर पडले, ते अजून घरी आलेले नाहीत, असं काकू म्हणतात.

काकाजी शोधतात ते टेबल म्हणजे सेक्रेटरी डेस्क. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली तीन-चार ड्रॉवर, वर एक तिरपी फळी. फळी बिजागरीवर पुढे उतरवली की लिहायचं टेबल होतं आणि आत लहानलहान खणांची भिंत दिसते. फळी वर करून कुलूप लावलं की पसारा आत आणि माणूस टापटिपीचा. या फळीला टेकू म्हणून ड्रॉवरच्या दोन्ही अंगांना दोन लाकडी पट्ट्या असतात. त्या आधी बाहेर ओढायच्या आणि मग फळी उतरवायची. हा क्रम चुकवणारा माणूस काकाजींच्या लेखी रानटी. त्यांच्या थोरल्या जावयानं दिवाळसणाला आल्या आल्या हौसेनं फळी खाली ओढली आणि बिजागरी स्क्रूसकट बाहेर आली. जावई आता येतो तेव्हा त्याला बाल्कनीत बसवतात.

हे एवढे खण कशाला, असा प्रश्न चुकूनही विचारू नये, कारण काकाजी उत्तर देतात. पूर्वी पत्रं फायलीत लावत नसत. लांबट घडी करून, पाठीवर कुणाचं, कधीचं, कशाबद्दल एवढं लिहून खणात सारून देत, म्हणून खण अरुंद नि खोल. पुढे टाइपरायटर आला, कार्बनचा कागद आला, १८९० नंतर उभ्या फायलींची कपाटं आली आणि नागपूरकर भोसल्यांचं १८५४ साली झालं तेच खणांचं झालं. राज्य खालसा. "डलहौसीनं आपलं राज्य नेलं, फायलीनं यांचं नेलं," असं म्हणून काकाजी डेस्कावर हात फिरवतात. त्यांच्या स्वतःच्या बावीस खणांपैकी एकात मधुमेहाच्या गोळ्या आहेत, एकात रिमोटचे जुने सेल, एकात कूलरच्या पंपाची गॅरंटी. बाकीचे बहुतेक पत्रांसाठी राखीव. पत्रं येत नाहीत, हा डेस्काचा दोष नव्हे.

घराण्यातल्या थोरांची नावं घ्यावीत तशा आदरानं ते जगातली मोठी डेस्कं सांगतात. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या वुटननं १८७४ साली पेटंट घेतलेलं डेस्क दोन दारांनी पुस्तकासारखं उघडतं आणि दारांच्या आतही खणच खण. फ्रान्सच्या पंधराव्या लुईचं रोलटॉप १७६० मध्ये एबेननं करायला घेतलं आणि १७६९ मध्ये रीझनरनं संपवलं. नऊ वर्षं! व्हाइट हाउसमधलं टेबल तर रेझोल्यूट नावाच्या इंग्रजी जहाजाच्या लाकडाचं, व्हिक्टोरिया राणीनं १८८० साली पाठवलेलं. लुईच्या डेस्काची खुबी सांगताना काकाजींचा आवाज खाली येतो.

"एक किल्ली फिरवली की सगळं बंद. पूर्ण टेबल. एका किल्लीत."

"आणि ती किल्ली कुठं आहे?" स्वयंपाकघरातून काकू विचारतात.

हा प्रश्न फ्रान्सबद्दल नसतो. काकाजींच्या घरात कोणतीही वस्तू हरवत नाही, ती फक्त जागेवर ठेवलेली असते. गॅसचं कार्ड, विजेचं बिल, नातवाचं जन्माचं प्रमाणपत्र, सगळं आपापल्या खणात आहे. खण कोणता, हे एका वहीत लिहिलं आहे. वही ड्रॉवरमध्ये आहे आणि ड्रॉवरची किल्ली खणात आहे.

घरातल्या चार टेबलांतलं रोलटॉप हे प्रकरण वेगळं. त्याचं झाकण म्हणजे लाकडाच्या बोटभर पट्ट्या, मागून जाड कॅनव्हासवर सरसानं डकवलेल्या. दोन्ही बाजूंच्या वळणदार खाचांतून ते खडखडत वर जातं आणि पाठीमागे दडून बसतं. विलायतेत ते बाराही महिने जात असेल. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, लाकूड रुंदीत आकसतं आणि झाकण एवढं सैल होतं की कुणी जिन्यात जोरात चाललं तरी ते आपोआप खाली येतं, गिलोटिनच्या वेगानं. जुलैत पाऊस लागला की तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि झाकण जिथे असेल तिथे थांबतं. एका वर्षी ते बंद असताना थांबलं. आत काकाजींची पेन्शनची कागदपत्रं. बँकेनं काहीतरी तपासायला मागितली, तर काकाजींनी मॅनेजरला लेखी कळवलं की कागद सुरक्षित असून पाऊस उघडल्यावर सादर करण्यात येतील. पुढे ऑक्टोबरची उन्हं पडली, लाकूड सुकलं आणि नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यायच्या ऐन महिन्यात, झाकण सुरळीत वर गेलं. काकाजींच्या मते याचा अर्थ स्पष्ट आहे. टेबल सरकारी आहे, त्याला तारखा पाठ आहेत.

मिस्त्रीला बोलावून रंधा का मारून घेत नाही, असं मी एकदा सुचवलं. मिस्त्री येतो. पण झाकण अडतं ते श्रावण-भाद्रपदात, आणि त्या दिवसांत नागपुरातला चांगला मिस्त्री तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी करण्यात गुंतलेला असतो. लहान पोरं बैल सजवून रांगेत उभी राहणार, त्यांच्यापुढे एका पेन्शनरच्या टेबलाची काय कथा! "पोळा होऊ द्या काकाजी." पोळा होतो, मग गणपती येतात, मग पितृपक्षात नवं काम कुणी धरत नाही आणि नवरात्रापर्यंत झाकण स्वतःच मोकळं झालेलं असतं. मारबतीच्या दिवशी मिरवणुकीत ईडापीडा घेऊन जा म्हणून ओरडतात ना, तेव्हा काकू बाल्कनीतून आत, टेबलांकडे पाहत असतात. हात जोडलेले असतात.

टेबलं येतात कबाडीकडून. रामदासपेठेत, धंतोलीत वकिलांचे, डॉक्टरांचे जुने बंगले पडतात, तिथे स्कीम उभी राहते, आणि मुलगा पुण्याहून किंवा न्यूजर्सीहून फोनवर सांगतो की आतलं सगळं विकून टाका. या मार्गानं खरोखर उत्तम वस्तू बाहेर येतात, हे मीही कबूल करतो. पण काकाजींना वकिलाचं टेबल नको असतं, त्यांना राजधानीचं हवं असतं. आणि कबाडी हा गिऱ्हाइकाला हवं तेच सांगतो.

"कमिशनर सायबाच्या बंगल्यातलं हाय, काकाजी. दुसऱ्याले दाखवलं बी नाही."

या कबाडीला घडवलं काकाजींनीच. सुरुवातीला बिचारा भाव वजनावर सांगायचा. काकाजींनी त्याला बसवून शिकवलं. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून कोपरे पाहायचे. हातानं कापलेल्या डव्हटेलच्या खाचा कमीजास्त असतात, मशीनच्या सारख्या. स्क्रूची खाच बरोबर मधोमध असेल तर संशय घ्यायचा. ड्रॉवरच्या तळाच्या कडा घासून गोल झालेल्या हव्यात, कारण शंभर वर्षं ओढाओढ झाल्यावर लाकूड झिजतं ते तिथंच. किड्यांची भोकं तारेनं तपासायची. तार सरळ आरपार गेली तर तो किडा नव्हे, ड्रिल. कबाडीनं हे सगळं मन लावून ऐकलं. आता त्याच्याकडच्या टेबलांत स्क्रूची खाच कधीच मधोमध नसते, ड्रॉवरच्या कडा सँडपेपरनं गोल झालेल्या असतात आणि किडे वळणं घेत जातात. मध्यंतरी तर त्यानं एका फळीवर चहाचा डाग पाडून तो शाईचा म्हणून विकायला ठेवला. काकाजींनी वास घेतला आणि म्हणाले, "यात विलायची आहे." कबाडी लाजला. पुढच्या वेळी त्यानं शाई वापरली.

काकाजींचा जीव मात्र चोरकप्प्यात. असल्या डेस्कांत मधल्या छोट्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन अर्धखांब असतात, नुसते शोभेचे वाटतात. नख घालून ओढलं तर अख्खा खांब पुढे येतो आणि त्याच्यामागे, कागद उभा राहील एवढी, चिंचोळी पेटी निघते. इंग्रजी डेस्कांत ही युक्ती इतकी सर्रास होती की चोरानं पहिला हात तिथंच घातला असणार. काकाजींना ती सापडली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि त्यांनी आमची बेल वाजवली. आम्ही सगळे बॅटरी घेऊन जमलो. डाव्या खांबामागे झुरळाची अंडी निघाली. उजव्या खांबामागे एक टाचणी निघाली, गंजलेली. काकाजींनी ती चिमट्यानं उचलून उजेडात धरली.

"ब्रिटिश आहे," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी टेप घेऊन डेस्क मोजायला घेतलं. बाहेरून खोली अठरा इंच, आतले खण बारा इंच. फळ्यांची जाडी वजा केली तरी चार-साडेचार इंच बेपत्ता. हिशेब बरोबर होता. चोरकप्पा शोधायची तीच खरी रीत आहे. मग ड्रॉवर काढले, पाठी ठोकल्या, कान लावले. आणि एका ड्रॉवरच्या पाठीवर, जिथे कुणाची नजर जायचं कारण नाही तिथे, शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं निघालं. भिंगातून पाहिल्यावर अक्षरं लागली. काकाजींनी वाचलं, "दावा २."

त्या दिवसापासून घरात तेवढाच विषय. कुणाचा दावा, कोणत्या जमिनीचा, पहिला दावा कुठं आहे? मध्यप्रांत १८६१ साली झाला, १९०३ मध्ये निजामाचा वऱ्हाड त्याला जोडला गेला. त्या वऱ्हाडाच्या प्रकरणातला तर नव्हे? निजामानं काही दावा लावला असेल आणि कमिशनरनं तो या टेबलात दडपून ठेवला असेल! काकाजींनी सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या सचिवालयासमोर उभं राहून स्वतःचा एक फोटो काढून घेतला, पुस्तकात छापायला. पुस्तक म्हणजे राजधानीचा साद्यंत इतिहास. तो त्यांनी अजून लिहायला घेतलेला नाही, कारण लिहायला बसायचं तर आधी टेबल नीट बसायला हवं, आणि एक पाय जरा आखूड आहे.

पोळ्यानंतर मिस्त्री आला तो पायाखाली पाचर मारायला. त्याला मोठ्या अभिमानानं ती अक्षरं दाखवण्यात आली.

"डावा दोन," मिस्त्री म्हणाला. "डाव्या बाजूचा दुसरा ड्रॉवर. आमी बी असंच लिहितो, नाही तं बसवताना घोळ होते."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी पंख्याकडे पाहू लागलो. दुसरा एखादा माणूस खचला असता. काकाजी मिनिटभर गप्प राहिले आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे इंग्रजानं टेबल आपल्या नागपूरच्या मिस्त्रीकडून करून घेतलं! लंडनचं नाहीच हे!"

आणि यात तथ्य आहे. हिंदुस्थानातली कित्येक तथाकथित विलायती डेस्कं इथल्याच सुतारांनी विलायती नमुन्यांबरहुकूम केलेली आहेत. सागवान कुठं आणायला जायचं नव्हतं. बल्लारशा, आलापल्लीचं सागवान व्यापारात सीपी टीक म्हणून आजही नाव राखून आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही सागवान गेलं ते नागपूरहून. हे वाचल्यापासून काकाजींना संसदेचं कामकाज टीव्हीवर पाहताना माणसं दिसत नाहीत, मागची लाकडं दिसतात. कुणी बाक वाजवला की ते कळवळतात. "अरे, हळू! आपलं आहे ते."

एवढ्या सगळ्या फर्निचरात या घरातलं लिखाण मात्र होतं ते भलतीकडेच. काकूंच्या माहेरी इतवारीत धान्याची आडत होती. तिथल्या मुनीमजींची गादीवर ठेवायची, उतरत्या झाकणाची पेटी काकूंनी लग्नात बरोबर आणली. तिला खण दोन, कुलूप नाही, आणि शाई सांडून झाकण अर्धं काळं झालेलं. ती दिवाणाखाली असते. दुधाचा हिशेब, भिशी, आहेराची यादी, सोसायटीला द्यायचे अर्ज, सगळं काकू त्या पेटीवर मांडी घालून बॉलपेननं लिहितात. काकाजी तिला जुन्या वस्तूंत धरत नाहीत. मात्र त्यांना स्वतःला काही लिहायचं असलं की अडचण येते, कारण डेस्कावर बॉलपेननं लिहायचं नाही हा त्यांचाच नियम, आणि टाकाची निब वहीप्रमाणे सतराव्या खणात असली तरी प्रत्यक्षात नसते. तेव्हा ते फळी उतरवून डेस्कासमोर ताठ बसतात आणि तोंडानं सांगतात. काकू पेटीवर लिहून घेतात.

असं सांगून लिहिलेलं त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे सरकारला द्यायचं निवेदन. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात सरकारनं वर्षातला काही काळ नागपूरला यावं असं ठरलं, आणि १९६० पासून हिवाळी अधिवेशनाला सरकार येतं. अधिवेशन जवळ आलं की मुख्यमंत्र्यांच्या रामगिरीवर आणि मंत्र्यांच्या रविभवनात रंगाचे डबे उघडतात, व्हीआयपी रस्त्यांवरचे खड्डे बुजतात आणि प्रतापनगरात काकाजी पॉलिश काढतात. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवलेली असते. मलमलच्या चिंधीत कापसाचा बोळा, त्यावर तेलाचा एक थेंब, आणि हात आठच्या आकड्यात फिरवायचा, मधेच थांबायचं नाही. थांबलं की डाग. त्यामुळे दाराची बेल वाजली, फोन वाजला, काकूंनी जेवायला हाक मारली, तरी काकाजींचा हात फिरतच असतो. स्पिरिटच्या वासामुळे गॅस पेटवायची बंदी. त्या आठवड्यात दोघंही चौकातले तर्री-पोहे खाऊन राहतात आणि काकूंची या कार्यक्रमाला एवढ्यापुरती हरकत नाही.

निवेदनातली मागणी एकच: राजधानी हलवताना शासनानं टेबलं सोडून सोबत नेलेल्या बाकीच्या लाकडी सामानाची यादी प्रसिद्ध करावी आणि त्यातलं नागपूरचं नागपूरला परत करावं. इतके मोर्चे निघतात, तर आपलाही एक काढू, असं त्यांनी सोसायटीच्या सभेत मांडलं. सभासदांनी उलट ठराव आणला की यापुढे लिफ्टमध्ये न मावणारं कोणतंही सामान दोरानं बाल्कनीतून वर चढवू नये. गेल्या खेपेला खालच्या मजल्यावरच्या वहिनींची तुळस गेली. ठराव एकमतानं मंजूर झाला. काकूंनीही हात वर केला होता.

मागच्या अधिवेशनाच्या दिवसांत मी त्यांच्याकडे बसलो असताना कबाडी आला. या वेळी फोटो दाखवायला मोबाईलच काढला. फोटो पाहिला आणि मीदेखील पुढे सरकलो. वस्तू अस्सल होती. सागवानी, उतरत्या फळीचं, वर काचेचं पुस्तकांचं कपाट, पितळी मुठी मूळच्या, आणि झीज जिथे हवी तिथेच. काकाजींचा श्वास ऐकू येऊ लागला.

"कुठलं आहे हे?"

आयुष्यात पहिल्यांदाच कबाडी खरं बोलला. "मुंबईचं हाय, काकाजी. एका सायबाची बदली झाली, ट्रकात आलं."

काकाजींनी मोबाईल परत केला. चष्मा पुसला. "मुंबईचं आपल्याला चालत नाही. तिकडे काय कमी नेलंय त्यांनी?" मग खिडकीबाहेर पाहिलं, दाराच्या चौकटीकडे पाहिलं, लिफ्टच्या दिशेनं पाहिलं. "खण किती आहेत?"

"अठ्ठावीस," कबाडी म्हणाला. थोडा थांबला, आणि मग शिकवलेलं सगळं त्याच्या कामी आलं. "पण काकाजी, लाकूड पाहा न. लाकूड बल्लारशाचंच हाय."